निर्विकार मुखाचा प्रश्न
द्विध्रुवी भावविकाराने ग्रस्त मुले निर्विकार चेहऱ्यातही अधिक वैरभाव पाहतात, हा ब्रेंडन रिच व सहकाऱ्यांचा २००६ मधील अमेरिकी निष्कर्ष मोलाचा खरा. पण तो छायाचित्रांवर उभा आहे. भरताने अनुभावाला विभावापासून तोडले नव्हते. येथे कारणावाचून नुसते मुख मुलापुढे येते. बंगळूरच्या निम्हान्समधील ‘ट्रेंड्स’ या साधनाने भारतीय नटांचे चेहरे व चलच्चित्रे योजली, ही मोठीच सुधारणा. तरी अभिनीत क्रोध ठसठशीतच असायचा! घाटकोपरला लोकलमध्ये शिरणाऱ्या मुलास दिसतात ते थकलेले, मिटल्या ओठांचे चेहरे. त्यांना ‘रागीट’ म्हणणे हा विकार की अनुभव? रिच यांनी निरोगी मुलांशी तुलना केली होती. उपनगरातील मुलाच्या नावापुढे दोष मांडताना त्याच वस्तीतील निरोगी मुलांची उत्तरे परीक्षकाने आधी घेतलीच पाहिजेत.