वजाबाकीतला क्रूस

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात बांधावयाच्या प्रार्थनामंदिराचा नकाशा आमच्यासमोर आहे. चार भिंती, मग जागा सापडेल तेथे खिडक्या आणि वेदीमागे विजेच्या दिव्यांचा क्रूस. सारी बेरीजच आहे. वास्तुकलेत वजाबाकीलाही मोल असते, हे आपण विसरलो आहोत काय?

वेरूळच्या कारागिरांनी आठव्या शतकात कैलास मंदिर दगडावर दगड रचून उभारले नाही. डोंगरातून नको तो पाषाण काढून टाकला. अजिंठ्याच्या १९व्या लेण्यातील नालाकृती गवाक्ष आतील कमानदार छताचीच आकृती बाहेर दाखविते. तेथे खिडकी वरून चिकटविलेली वाटत नाही. आतल्या पोकळीतून ती जन्मलेली दिसते.

हाच विचार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या ‘कांचनजंगा’ इमारतीत (१९८३) काँक्रीटमध्ये आणला. २१ मीटर चौरस पायाच्या या उंच मनोऱ्याच्या कोपऱ्यांतून त्यांनी दोन मजले उंचीचे घन कापून काढले. त्या पोकळ्यांत गच्च्या आल्या. वारा आत येतो; मावळतीचे ऊन आणि पावसाचा मारा मात्र बाहेरच्या बाहेर अडतो. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचेच हे रूप होय. मात्र ही सुखद पोकळी अवघ्या ३२ श्रीमंत कुटुंबांच्या वाट्याला आली, ही खंत उरतेच.

जपानमध्ये ओसाकाजवळील इबाराकी येथे तादाओ आंदो यांनी १९८९ मध्ये एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीसाठी उभारलेले मंदिर याहून साधे आहे. ५.९ मीटरचे तीन घन एका ओळीत मांडावेत, एवढीच ती काँक्रीटची पेटी. तिला १५ अंशांत तिरकी भिंत छेदून जाते. वेदीमागील भिंतीतून क्रूसाच्या आकाराची फट काढून घेतली आहे. तेथे क्रूस ही वस्तूच नाही. जे काढून टाकले तोच क्रूस, आणि त्यातूनच प्रकाश येतो. संत पौलाने फिलिप्पैकरांना सांगितलेली ख्रिस्ताची आत्मरिक्तता याहून कमी शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल.

तथापि, ही कल्पना जशीच्या तशी उचलण्यास आमचा विरोध आहे. अंधाऱ्या दालनात समोरच्या भिंतीतून मराठवाड्याचे ऊन थेट आले, तर भाविकांचे डोळे दिपतील. वेदीवरील धर्मगुरूचा चेहराही दिसणार नाही. आंदो यांनाही त्या फटीत काच नको होती, पण ती बसवावी लागली. उपासनेला कल्पनेइतकीच माणसाच्या देहाचीही काळजी घ्यावी लागते.

म्हणून आमचे मत असे की, क्रूस आंदोंचा घ्यावा आणि खोली कोरियांची. वेदीमागे थोडे अंतर सोडून दुसरी भिंत उभारावी, म्हणजे ऊन तिच्यावर पडेल आणि फटीतून केवळ उजेड झिरपेल. खिडक्याही जाड भिंतीत खोल घ्याव्यात. दुसऱ्या भिंतीला खर्च येईल, हे खरे. पण दिव्यांचा क्रूस वीज जाताच विझतो. खेड्यातल्या कष्टकरी कुटुंबांना भर उन्हाळ्यातही शांतपणे गुडघे टेकता येतील, अशी जागा देणे हीच या नकाशाची खरी कसोटी आहे.