बंदिशीची संहिता : वही आणि गळा

पाश्चात्त्य संगीतसमीक्षेत रचनाकाराच्या हस्तलिखिताला जे प्रामाण्य आहे, तेच आपल्याकडे बंदिशीच्या स्वरलिपीला देण्याची प्रथा विद्यापीठीय अभ्यासक्रमांबरोबर रूढ झाली. ही प्रथा तपासून पाहण्याजोगी आहे. नोटेबोमने १८६५ मध्ये बेथोव्हेनच्या एका टिपणवहीचे विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्या वहीतील खाडाखोड खुद्द रचनाकाराच्या हातची होती. पंडित भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तील ख्याल मात्र बहुधा एकाने रचलेला, दुसऱ्याने गायिलेला आणि तिसऱ्याने उतरवून घेतलेला असतो. ('चतुर' या मुद्रेने भातखंडे यांनी स्वतः रचलेल्या चिजा हा अपवाद.) ती मूळ प्रत नव्हे; एका गळ्याची नक्कल होय.

पाठचिकित्सेचा आपल्या परिचयाचा आदर्श म्हणजे एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण. मूळ पाठ एकच होता आणि तो नकलकारांच्या हातून बिघडला, हे तेथे गृहीत आहे. बंदिशीबाबत हे गृहीतकच डळमळते. रचणारा स्वतः गवई असतो आणि आपलीच चीज तो दोनदा तंतोतंत सारखी गाईल असे नाही. मग बदलाला अपपाठ म्हणायचे ते कोणत्या आधारावर? परीक्षेत मात्र पुस्तकाबाहेरचा स्वर चूकच ठरतो.

म्हणून लिपी टाकाऊ ठरते काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण कोल्हापुरात वाढलेल्या गायकीकडे पाहिले की ते टिकत नाही. अल्लादियाखाँ १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या आश्रयास आले आणि महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याची ओळख अनवट आणि जोड रागांची. बसंती केदारात बसंत कोठे सरतो आणि केदार कोठे सुरू होतो, हे आरोह-अवरोहावरून कळत नाही. बंदीश ते सांगते. अशा रागात बंदीश हेच रागाचे शास्त्र असते, आणि ती हरवली तर रागच हरवतो. कागदाचे मोल येथे नाकारता येत नाही.

परंतु कागदावर येते ते किती? भातखंडे लिपीत मींडेसाठी कमान आहे, कणस्वरासाठी माथ्यावरचे लहान अक्षर आहे. मींड कोठे रेंगाळावी, अक्षर मात्रेच्या किती मागे पडावे, यासाठी काही नाही. आणि या गायकीचा प्राण तर तेथेच आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांनी कालमानासाठी अधिक चिन्हे योजली. त्यांची लिपी बारकाव्याची झाली, पण वाचायला जड. प्रचारात राहिली ती भातखंड्यांची सुटसुटीत लिपीच.

ध्वनिमुद्रणाने हा प्रश्न सुटेल असे वाटते. पण खाँसाहेबांचा आवाज मुद्रित रूपात उपलब्ध नाही, आणि केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांत ख्यालाला तीन-साडेतीन मिनिटांत आवरते घ्यावे लागले आहे. तबकडी हीही निर्विकार साक्ष नव्हे. उपाय एकच दिसतो : एका गुरूकडून आलेली चीज दोन शिष्यांच्या गळ्यांतून ऐकायची आणि ती वहीशी ताडून पाहायची. मुखडा, सम, जोडाची जागा जेथे जुळते तेथे बंदीश. जेथे वेगळे होते तेथे गायकी. शिवाजी पेठेतून देवल क्लबात गाणे ऐकायला जाणारा श्रोता हा विवेक नकळत करीतच असतो; मुखडा चुकला की तो अस्वस्थ होतो, तान वेगळी आली की खूश.

तालमीच्या वह्यांत पुष्कळदा केवळ शब्द आणि राग-तालाची नोंद आढळते. तिला अपुरी म्हणण्यापेक्षा किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत पदावर छापलेली 'चाल' आठवावी. मूळ गाणे ज्याच्या कानात आहे त्याच्यासाठीच ती नोंद पुरी आहे. आमचे साहित्याचे अभ्यासक ती ओळ ओलांडून पद वाचतात, ही गोष्ट वेगळी! वह्या छापताना त्यांत स्वर भरण्याचा मोह संपादकाने आवरावा. स्वर द्यायचेच असतील, तर ते कोणाच्या गळ्यावरून आणि कोणत्या साली उतरवले, एवढे तरी प्रत्येक चिजेखाली यावे. भातखंड्यांच्या पुस्तकांत ही नोंद सहसा सापडत नाही, आणि नंतरच्या संग्राहकांनी नेमका तोच भाग त्यांच्याकडून उचलला.