सलामिसची साक्ष

ग्रीक युद्धनौकांचा इतिहास लिहू पाहणारा ग्रंथकार सलामिसच्या सामुद्रधुनीपाशी आला, की त्यास एका नाटकाचा आधार घ्यावाच लागतो. लढाई झाली इ. स. पूर्व 480 मध्ये. एस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आले इ. स. पूर्व 472 मध्ये. हिरोडोटसचा इतिहास त्यानंतर कित्येक वर्षांनी सिद्ध झाला. म्हणजे काळाच्या क्रमाने पहिला साक्षीदार इतिहासकार नव्हे, कवी होय. त्याच्या जबानीची छाननी करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. पेशाची ही खोड वाचकांनी पोटात घालावी.

नाटक घडते ते शत्रूच्या राजधानीत, सुसा नगरीत. विजयी ग्रीकांपैकी एकही पात्र रंगभूमीवर येत नाही. इतकेच नव्हे, तर सबंध नाटकात एकाही समकालीन ग्रीकाचे नाव उच्चारले जात नाही. थेमिस्टोक्लीसचेसुद्धा नाही! पराभवाची वार्ता पर्शियन जासूद राजमातेस सांगतो, दरायसचे प्रेत थडग्यातून उठून पुत्राच्या उन्मादाचा धिक्कार करते आणि अखेरीस फाटक्या वस्त्रांनी झर्क्सिस परततो. कित्येक टीकाकार यास विजयस्तोत्र म्हणतात, तर कित्येकांस त्यात शत्रूविषयीची अपार करुणा दिसते. आम्हांस दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या जबाबास न्यायालयात वजन असते हे खरे; परंतु येथे पराभूताचा कबुलीजबाब विजेत्यानेच लिहून दिलेला आहे, हे विसरून कसे चालेल? असला कागद कोणताही न्यायाधीश सहजी दाखल करून घेणार नाही.

तथापि या साक्षीस एक विलक्षण उलटतपासणी सोसावी लागली. नाटक झाले ते डायोनायसस देवाच्या उत्सवात, उघड्या रंगमंडलात. देवाच्या उत्सवास मांडवात नाटक पाहत वाढलेल्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. खर्चाची रीतही ओळखीचीच वाटेल. उत्सवाचा एकेक दिवस एकेका घराण्याने चालवावा, तसा नाटकाच्या वृंदाचा भार एकेका धनिकाकडे सोपविला जाई. ‘पर्शियन्स’चा भार तरुण पेरिक्लीसने उचलला होता. अन् हीच पद्धत आरमारालाही लागू होती! नौका राज्याची, पण वर्षभर ती सज्ज राखण्याचा बोजा एखाद्या श्रीमंत नागरिकावर. समोर प्रेक्षक कोण होते? आठ वर्षांपूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष वल्ही मारली ते. त्यांच्यापुढे लढाईचे खोटे वर्णन टिकले नसते. नाटकास पहिले पारितोषिक मिळाले.

या वल्हेकऱ्यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे, कारण आमचा मुख्य मुद्दा त्यांच्याशी निगडित आहे. लॉरियमच्या खाणीत रुपे सापडले, तेव्हा ते नागरिकांत वाटून न टाकता त्यातून नौका बांधाव्यात, असे थेमिस्टोक्लीसने लोकांच्या गळी उतरविले. हिरोडोटस 200 नौका सांगतो. ट्रायरीम ही नौका अरुंद आणि लांब. नाळेस पाण्याच्या पातळीवर काशाची चोच. आणि एकावर एक अशा तीन ओळींत 170 वल्हेकरी. यांतील बहुतेक जण भूमिहीन, मजुरीवर जगणारे. चिलखत विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मनुष्यालाही या नौकेने राज्याच्या रक्षणात स्थान दिले.

1987 मध्ये ग्रीसमध्ये ‘ऑलिंपियास’ नावाची ट्रायरीम विद्वानांच्या संशोधनाप्रमाणे नव्याने बांधून पाण्यात सोडली गेली. तिच्यावर असे अनुभवास आले, की आपल्या वल्ह्याचे पाते फक्त वरच्या ओळीतल्यांस दिसते. खालच्या दोन ओळींनी सारे काम तालावर आणि विश्वासावर करावयाचे. हे ध्यानी ठेवून जासुदाचे भाषण पुन्हा वाचावे. पहाट होते, प्रथम ऐकू येते ते ग्रीकांचे स्तोत्र, मग खडकांवरून उठणारा त्याचा प्रतिध्वनी, मग तुतारी, मग एकाच वेळी पडणाऱ्या वल्ह्यांचा आवाज. एवढे झाल्यावरच नौका दृष्टीस पडतात! डोळ्यांआधी कानाने लढाई सांगणारा हा कवी तळच्या बाकांवरील मनुष्यांच्या भाषेत बोलत आहे. आमच्या मते नाटकातील सर्वांत खरा भाग हाच. पुढे बुडणाऱ्यांस तुटक्या वल्ह्यांनी मोठ्या मासळीप्रमाणे झोडपल्याचे सांगताना कवी स्वजनांचे क्रौर्यही लपवीत नाही. (संख्येचा वाद आम्ही फारसा घालीत नाही. एस्किलस ग्रीक नौका 310 म्हणतो, हिरोडोटसची बेरीज 378 भरते. साक्षीदारांत इतका फरक असायचाच.)

परंतु यानंतर कवीचा तोल जातो. सिटॅलिया नावाच्या लहानशा बेटावर चिलखती पायदळाने उतरून अडकलेल्या पर्शियन सरदारांची कत्तल केली. हिरोडोटस हा प्रसंग थोडक्यात आटोपतो; एस्किलसचा जासूद मात्र ही आपत्ती नौकांवरील आपत्तीच्या दुप्पट जड असल्याचे सांगतो. का? एस्किलस मॅरेथॉनला लढलेला. त्याचा म्हणून जो समाधिलेख परंपरेने चालत आला आहे, त्यात मॅरेथॉनचा अभिमान आहे, सलामिसचे नावही नाही. भालाईताचा दर्जा वल्हेकऱ्याहून वरचा, ही जुनी समजूत येथे कवीवर मात करते. ज्यांच्या कानांनी त्याने पहाट ऐकविली, त्यांचेच यश तो पायदळाच्या पदरात घालतो. इतरत्र निःपक्षपाती वाटणाऱ्या साक्षीदाराचे हे पक्षपाती वाक्य आम्ही मान्य करू शकत नाही.

‘ऑलिंपियास’ सध्या अथेन्सजवळील पालेओ फालिरो येथे ठेवलेली आहे. शेजारीच ‘अ‍ॅव्हेरॉफ’ ही पोलादी क्रूझर उभी आहे. इटलीत बांधलेली ही नौका 1910 मध्ये पाण्यात सोडण्यात आली. किमतीचा काही भाग अ‍ॅव्हेरॉफ या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून आला, म्हणून त्याचे नाव तिला मिळाले; ती जुनी धनिकांची पाळीच म्हणावी. एप्रिल 1941 मध्ये तिला बुडवून टाकण्याचा हुकूम सुटला, तो तिच्या खलाशांनी मानला नाही. त्यांनी ती अलेक्झांड्रियास नेली, आणि पुढे 1942 पर्यंत मुंबई बंदर हा तळ धरून ती हिंदी महासागरात पहारा देत होती. या खलाशांवर नाटक लिहिणारा कोणी निघाला, तर त्याने सिटॅलियाचा प्रसंग आधी वाचून ठेवावा.