खाली सही

माझं पुस्तक निघालं त्याला आता सहा महिने झाले. निघालं म्हणजे छापखान्यातून निघालं. प्रकाशकांच्या गोदामातून अजून निघायचं आहे. परवा प्रकाशकांचा फोन आला. "अहो, हल्ली पुस्तक खपत नाही, लेखक खपतो. तुम्ही ब्रँड व्हा. रोज एक रील टाका!"

बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेल्या माणसाला खपणं म्हणजे राबणं, एवढंच ठाऊक. तरी धीर करून गॅलरीत मोबाइल टेकवला आणि "नमस्कार, मी एक विनोदी लेखक" इथवर आलो, तोच कुकरने शिट्टी दिली. दुसऱ्या खेपेला खालून भंगारवाला ओरडला. सौ. म्हणाली, "अहो, हप्ता थकल्यासारखा चेहरा का केलाय?"

मग मी रामदासांना शरण गेलो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं आहेत आणि स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्याचा त्यांत नंबर लागलेला आहे. झालं! प्रकाशकांना कळवायला आधार मिळाला. पण मुलगी म्हणाली, "बाबा, मग तुकारामांनी अभंगाअभंगात स्वतःचं नाव का घातलं? ब्रँडच की तो!"

बी. कॉम. बापाला हा ताळेबंद जुळवायला रात्र लागली. पण जुळला. अभंगाच्या शेवटी नाव येतं ते जाहिरात म्हणून नव्हे, सही म्हणून. बँकेत सहीचा अर्थ 'मी किती थोर' असा होत नाही; 'वर लिहिलंय त्याला मी जबाबदार' असा होतो. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, सगळ्यांनी अशाच सह्या केल्या. त्याही मजकूर संपता संपता. आम्ही आधी सही करतो, ती फ्लेक्सएवढी करतो आणि मजकूर मागाहून भरू म्हणतो. कोऱ्या चेकवर सही करू नका, असं खातेदारांना मीच सांगत असतो!

मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांनी तर कवितेखाली नाव घातलं तेही वडिलांच्या आधाराने: केशवसुत. १९०५ साली ते गेले तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो नंतर ह. ना. आपट्यांनी काढला. तरी आधुनिक मराठी कवितेचं खातं त्यांच्याच नावाने उघडलेलं आहे. दुसऱ्या टोकाला आचार्य अत्रे. संकोच त्यांच्या दारावरून जायलाही बिचकत असावा. पण त्यांच्या 'श्यामची आई' चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे अत्रे मोठ्या रकमेचे चेक फाडत, पण ते वटत. तेव्हा दोष मोठ्याने बोलण्यात नाही, शिल्लक न पाहता बोलण्यात आहे.

इथवर लिहून मी स्वतःवर खूश होतो. पण खरं सांगू? माझा संकोच म्हणजे काही निव्वळ विनय नव्हे. स्तुती मलाही हवी आहे. फक्त ती दुसऱ्याने, न मागता आणि चारचौघांत करावी, एवढंच. हे लक्षण रामदासांच्या यादीत आहे का, ते पाहण्याचा धीर मला झाला नाही.

काल काउंटरवर एक पेन्शनर आजोबा आले. त्यांनी पासबुकाखालून हळूच माझं पुस्तक पुढे सरकवलं. "सही द्या." माझा हात चक्क थरथरला. सही केली, सवयीने खाली तारीख घातली, शिक्कासुद्धा मारणार होतो.

आजोबांनी सही नीट निरखली. म्हणाले, "म्हणजे लेखक तुम्हीच. मग पान बेचाळीसवर बेरीज चुकली आहे, ती दुरुस्त करा आणि तिथेही सही करा."

मी केली.