शेऱ्याच्या रकान्यातले कुटुंब

विशी ओलांडली तेव्हा मी एका संस्थेच्या पाहणीत घरोघर फिरून तक्ते भरण्याचे काम केले. अक्राणी तालुका, होळीच्या आधीचे दिवस. एका पाड्यावर दोनेक वर्षांचे मूल आजीजवळ होते. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. मुलाचे वजन केले, ते कमी भरले. तक्त्यात आई आणि बाप यांच्यासाठी रकाने होते, आजीसाठी नव्हता. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात मी लिहिले : ‘पालक निष्काळजी.’ अक्षर माझेच होते. शब्द कुठून आला, हे मात्र मला पुढची कितीतरी वर्षे उमगले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका शेऱ्याची उलटतपासणी आहे.

गरिबाच्या कुटुंबाविषयीचे मत आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बनवतो, असा आपला समज असतो. माझे म्हणणे वेगळे आहे. योजना आधी कुटुंबाची व्याख्या ठरवते. त्या व्याख्येत न मावणारी माणसे कागदावरून गळतात. मग कागदावर जी पोकळी दिसते, तिला आपण त्या कुटुंबाचा दोष म्हणतो. तोच दोष पुढच्या योजनेचा आधार होतो.

ही साखळी मला प्रथम दिसली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांविषयी वाचताना. मराठी वाचकाला तो समाज परका नाही. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ आला. पण आपली ओळख झाली ती प्रामुख्याने साहित्यातून आणि चळवळीतून. ज्या सरकारी कागदांनी त्या कुटुंबांची प्रतिमा घडवली, ते कागद आपण फारसे वाचले नाहीत.

त्यांतला सर्वांत गाजलेला कागद मार्च १९६५ चा. अमेरिकेच्या कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर अहवाल लिहिला. हेच मॉयनिहन पुढे १९७३ ते १९७५ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. अहवाल दुष्टाव्याने लिहिलेला नव्हता. गुलामगिरीचा आघात आणि पुरुषांची बेकारी या दोन्हींची नोंद त्यात आहे. पण सारा भर पडला तो जवळजवळ चौथा हिस्सा कुटुंबांत स्त्री प्रमुख आहे यावर, आणि घराची घडीच बिघडली आहे या निदानावर. अहवाल बाहेर फुटला आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. कारणे मागे पडली, आणि लक्षणालाच रोग समजले गेले.

त्याच काळातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. अनेक राज्यांत असा नियम होता की, मदत घेणाऱ्या बाईच्या घरी पुरुष राहतो असे आढळले तर मुलांचा भत्ता बंद. तपासनीस रात्री-अपरात्री दारे ठोठावत. अलाबामा राज्याचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द ठरवला. म्हणजे एका हाताने सरकार पुरुषाला घराबाहेर काढत होते आणि दुसऱ्या हाताने ‘घरात पुरुष नाही’ अशी नोंद करत होते. १९७६ मध्ये इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी मळ्यांवरच्या जन्मनोंदी तपासून दाखवले की, गुलामगिरीतही दीर्घकाळ टिकलेली दांपत्ये होती, आणि मुलांना बापाची, आजोबांची नावे आवर्जून ठेवली जात. विक्रीने ताटातूट झाली तरी नात्याचा धागा जपला जात होता. तो पाहण्यासाठी गटमन यांना नोंदी वेगळ्या नजरेने वाचाव्या लागल्या, एवढेच.

तिथले सारेच इथे लागू करता येणार नाही. तिथे माणूसच विकला गेला. इथे आधी जंगल गेले, मग जमीन. पण कागदाची चाल सारखी आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशी ही माणसे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी व भिल्ल पलटण उभी राहिली. तेव्हापासून भिल्लाचे घर हा ‘सुधारण्याचा’ विषय झाला. आधी त्याला लुटारू ठरवले, मग नांगर देऊन स्थिर करायचे ठरवले. तो पूर्वी कसा राहत होता, हे विचारण्याची गरज त्या धोरणाला भासली नाही.

आता अलीकडचे कागद. नर्मदा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. निवाड्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी, अज्ञान मुले आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसे, उदाहरणार्थ विधवा आई. प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. वरवर पाहता हे भिल्ल रीतीला धरून आहे, कारण लग्नानंतर मुलगा वेगळी झोपडी बांधतो. पण सज्ञान मुलीचे काय? आमच्याकडे नवऱ्याशी न पटलेली बाई बापाच्या घरी परत येते, पंच बसतात, देज परत करण्याचा हिशेब होतो, ती दुसरे घरही करू शकते. बापाच्या शेतात ती राबते. निवाड्यात तिला स्वतःचे असे स्थान नाही. तिच्या समाजात तिला जागा होती, व्याख्येने ती काढून घेतली. पुढे एकाच गावची घरे गुजरात आणि महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. घर बांधायला सारा पाडा धावून यायचा, ती ‘लाह’ची रीत कोणत्या रकान्यात भरपाईला धरायची?

याउलट २००६ चा वनहक्क कायदा पाहा. त्यात पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा आहे, आणि घरात एकच प्रमुख असेल तर त्या एकाच्या नावे, मग ती बाई का असेना. तीच माणसे, तेच डोंगर. पण व्याख्या बदलली आणि बाई कागदावर आली. म्हणूनच व्याख्या ही निव्वळ कारकुनी बाब आहे, असे मला वाटत नाही.

मातृवंदना योजनेचे असेच. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता होता आणि अर्जासोबत नवऱ्याचेही आधार कार्ड लागे. आमच्याकडे पोरगा-पोरगी एकत्र राहू लागतात, देज ठरते, लग्नाचा विधी ऐपत होईल तेव्हा होतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ अनुसूचित जमातींना सहसा लागू नाही. म्हणजे एका कायद्याने त्यांची रीत मान्य केली आणि दुसऱ्या योजनेने नवऱ्याचा कागद मागितला. ज्या बाईकडे तो नव्हता, ती ‘योजनेचा लाभ घेत नाही’ अशी ठरली. २०२२ च्या सुधारणेत ही सक्ती गेली. पण मधल्या वर्षांतल्या बाळंतिणींवर बसलेला ‘उदासीन’ हा शिक्का कोण पुसणार?

आणखी एक व्याख्या कोणत्याही शासन निर्णयात नाही, तरी ती सर्वांत कडक आहे. दक्षिण गुजरातेतल्या ऊसतोडीत कुटुंबाला ‘कोयता’ म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल त्यांच्या नावे. म्हातारी आणि लहान मूल या हिशेबात नाहीत. म्हणून म्हातारी मागे राहते आणि मूल तिच्याजवळ राहते. तेच मूल अंगणवाडीच्या तक्त्यात ‘पालक अनुपस्थित’ होते. थोडे मोठे झाले की आश्रमशाळेत जाते, आणि मग ‘पालक भेटायला येत नाहीत’ अशी तक्रार होते. आईबापांना गावाबाहेर नेणारी व्यवस्था शेऱ्यात कुठेच येत नाही. शेरा फक्त आईबापांवर पडतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दारू नाही का? मारझोड नाही का? पोरीची लग्ने लवकर होत नाहीत का? आहे, आणि ते झाकणे हा दुसऱ्या प्रकारचा खोटेपणा होईल. पण हे प्रथम मोठ्याने कोणी सांगितले ते आठवावे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती त्या लढ्याचे पुढारी. त्या चळवळीतल्या आदिवासी बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली आणि मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्याच बाया जमिनीसाठी आणि मजुरीसाठीही मोर्चात होत्या. आपल्या घरातला दोष त्यांनी पाहिला, पण घर कोणी नागवले हेही त्याच दमात सांगितले. बाहेरून मारलेला शेरा आणि आतून केलेली टीका यांतला फरक हाच आहे. शेरा कारण तोडून टाकतो. आतली टीका कारणासकट बोलते.

एक आकडा देतो. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, नंदुरबारमध्ये ९७८. या एका आकड्यावरून आदिवासी समाज स्त्रीला न्याय देतो असे सिद्ध होत नाही. पण ज्या घरांना आपण वर्षानुवर्षे अडाणी म्हणत आलो, त्यांच्याकडून सुशिक्षित घरांनी काही शिकावे, अशा अर्थाचा शेरा मी आजवर कुठल्या तक्त्यात वाचलेला नाही.

माझ्या त्या मुलाकडे परत येतो. आजीने त्या दिवशी मला भगरीची पेज दिली होती. मुलालाही तिनेच भरवली. उचल किती, रेशन केव्हा मिळाले, अंगणवाडी कितीदा उघडली, यांपैकी काहीही मी विचारले नाही, कारण तक्त्यात ते विचारलेले नव्हते. आईबाप निष्काळजी असते तर मूल उसाच्या फडावर नेले असते, की आजीजवळ ठेवले असते? त्यांनी काळजी करूनच ठेवले होते. काळजीने ठेवले म्हणून मूल घरी होते, आणि घरी होते म्हणून माझ्या शेऱ्यात सापडले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नवापूरकडच्या रस्त्यावरून कोयत्यांचे ट्रक गुजरातेकडे निघालेले असतील. मागे पाड्यापाड्यांवर आज्या उरतील. पुढच्या पाहणीला जाणाऱ्या तरुणाला माझे एवढेच सांगणे आहे : शेरा लिहिण्याआधी तक्त्यात आजीसाठी एक रकाना आखून घे.