भूतदयेची जाहिरात

२०२५ सालच्या कारहुणवीस आम्ही मंद्रूपास होतो. सोलापूरच्या दक्षिणेस, जेथे मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बसून बोलतात अशा मुलखात, ज्येष्ठी पौर्णिमेचा हा सण बैलांचा मानितात. बैल धुऊन झाले होते, शिंगांस रंग चढला होता, झुली पडल्या होत्या. वेशीतून बैल पळवून कर तोडण्यास मात्र अद्याप अवकाश होता. आमच्या परिचयातील एक वृद्ध शेतकरी, ज्यांस सारे गाव अण्णा म्हणते, ओट्यावर टेकले होते. पुण्यास शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने ‘पेटा’ नामक संस्थेच्या जुन्यानव्या जाहिराती मोबाइलवर आम्हां दोघांस दाखविल्या. त्यांत हिरव्या भाजीच्या पानांचे वस्त्र ल्यालेली एक नटी होती. अण्णांनी ते चित्र डोळ्यांजवळ नेले, मग हात लांबवून पाहिले, आणि म्हणाले, “मास्तर, हिनं पाला नेसल्यानं माझ्या बैलाचं जू हलकं कसं व्हायचं?”

नातू हसला, आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर हा प्रश्न आम्हांस विनोदाचा न वाटता टीकेचा वाटू लागला. नाटक पाहून आल्यावर प्रेक्षकाने ‘हे कोणाकरिता लिहिले?’ असे विचारावे, त्या जातीचा तो प्रश्न होता. जाहिरातीस वाङ्मय म्हणावे की न म्हणावे हा वाद तूर्त बाजूस ठेवू. शब्द आणि चित्र यांच्या योगे परक्याच्या मनात भाव उत्पन्न करू पाहणारी ही कृती असल्यामुळे तिची परीक्षा करण्याचा अधिकार टीकाकारास आहे, एवढे पुरे. आमच्या साहित्यशास्त्रात करुणास आलंबन लागते; ज्याच्या दुःखाने मन द्रवावे तो डोळ्यांपुढे असावा लागतो. ह्या चित्रात बैल, बकरा, कोंबडे कोठेच नाहीत. डोळा नटीवर ठरतो, मन तिच्या धारिष्ट्यावर रेंगाळते, आणि ज्याच्याकरिता हा सारा खटाटोप तो मुका जीव चित्राच्या चौकटीबाहेर उभा राहतो. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानिले. त्याने हे चित्र पाहिले असते तर निंदा करण्यापूर्वी त्यास बहुधा अण्णांसारखेच कोडे पडले असते.

संस्थेची बाजू अगोदर सांगणे न्यायाचे होय. पेटा १९८० साली अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी इंग्रिड न्यूकर्क ह्या बाईंचे बालपण काही काळ दिल्लीत गेले, आणि संस्थेची भारतीय शाखा २००० सालापासून मुंबईतून काम करीत आहे. त्यांचे म्हणणे असे की, सभ्य भाषेतील पत्रके केराच्या टोपलीत जातात. लोक रागावोत, हसोत, पण प्रश्न एकदा चव्हाट्यावर आला म्हणजे निम्मे काम झाले. ह्या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. केसाळ कातड्याच्या झग्यांविरुद्ध विवस्त्र स्त्रीपुरुषांची चित्रे लावण्याची त्यांची मोहीम १९९० च्या सुमारास सुरू झाली, आणि असल्या झग्यांची चाल मोठमोठ्या कपडेवाल्यांनी सोडल्यामुळे आता तिची गरज उरली नाही असे सांगून २०२० साली त्यांनी ती स्वतःच आवरती घेतली. परंतु तेथे चित्र ज्या रस्त्यावर लागे त्याच रस्त्यावर झगे विकत घेणारीही चालत असे. दोष करणारा आणि चित्र पाहणारा एकच होता. मंद्रूपास वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. येथे केसाळ झगा घालील असा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे.

आपल्या देशातील अनुभव पाहा. २०२० साली बकरी ईद १ ऑगस्टला आणि रक्षाबंधन ३ ऑगस्टला आले. ईदेच्या अगोदर लखनौत बकऱ्याचे चित्र असलेला एक फलक लागला. ‘मला मांस समजू नका, मांसाहार सोडा’ असा त्याचा आशय होता. एका मौलानांनी तक्रार केली आणि फलक उतरला. त्याच दिवसांत दुसरा फलक आला. त्यावर गाय, आणि ह्या राखीला चामडे वर्ज्य करून माझेही रक्षण करा अशी विनंती. तेव्हा दुसरीकडून ओरड झाली की, राखीत चामडे असते कोठे? राखी असते रेशमाची, सुताची. एका आठवड्याच्या अंतराने दोन समाजांस एकच गोष्ट वाटली : हा फलक जनावरासाठी नसून आमच्या सणासाठी लावला आहे. संस्थेचा हेतू तसा नसेलही. पण वाचकाने काय वाचले ह्याचा विचार न करता लेखकाचा हेतू तेवढा पुढे करणे ही पळवाट आम्ही नवकवींस देत नाही, ती जाहिरातदारांस का द्यावी?

पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, संस्थेने ‘अमूल’ला वनस्पतिजन्य दुधाचा व्यापार करण्याचा सल्ला दिला. तिचे तत्कालीन व्यवस्थापक आर. एस. सोढी यांनी उलट विचारले की, दहा कोटी दूध उत्पादकांची पोटे कोण भरणार? त्यांतील सत्तर टक्के तर भूमिहीन आहेत. वर्तमानपत्रांतून जो वाद माजला त्यात म्हशीच्या पान्ह्याविषयी, तिच्या रेडकाविषयी एक शब्दही आमच्या वाचनात आला नाही. वाद झाला तो शेतकऱ्याच्या चुलीचा. आणि तो तसा होणारच होता, कारण सल्ला देणाऱ्यांनी जनावर पाहिले पण जनावराची दोरी ज्याच्या हातात आहे त्याचा हात पाहिला नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात १९०३ साली एका तपकिरी कुत्र्याची जिवंतपणी चिरफाड झाली. विरोधकांनी १९०६ साली बॅटरसी भागात त्याचा पुतळा उभारला व त्याखाली विद्यालयाचे नाव घालून आरोपाचा लेख कोरला. १९०७ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी दंगे केले, पुतळ्यावर दिवसरात्र पोलिसांचा पहारा बसला, आणि १९१० साली तो पुतळाच रातोरात काढून टाकण्यात आला. सात वर्षे सारे शहर त्या कुत्र्याविषयी बोलत होते. परंतु बोलत होते ते दगडावरील अक्षरांविषयी, अब्रूविषयी, बायकांनी अशा कामात पडावे की नाही ह्याविषयी. कुत्रा त्याच्या चौथऱ्यावर एकटाच होता. ( १९८५ मध्ये तेथे पुन्हा पुतळा बसला, तोवर भांडणारे सारे निजधामास गेले होते. )

ह्यावरून लोकांस धक्का देऊच नये असे कोणी काढील तर ते आम्हांस मान्य नाही. आमच्या संतांनी धक्के काय थोडे दिले? रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आजही कीर्तनात श्रोत्यांचा श्वास अडविते. मात्र तेथे जे खर्ची पडले ते नाथांचे स्वतःचे पुण्य होते. कित्येक योजने पायी आणलेले पाणी त्यांनी दिले. शेजाऱ्याची घागर ओतून दया दाखविली नाही. आजच्या जाहिराती बहुतेक दुसऱ्याच्या गाठीचे नाणे मोडतात. कधी ते परक्याच्या सणाचे, कधी स्त्रीदेहाचे, आणि २००३ साली तर हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्या यहुद्यांचे नाणे मोडले गेले. त्या मृतांची चित्रे कोंबड्यांच्या पिंजऱ्यांशेजारी मांडली गेली. जर्मन न्यायालयांनी ती मना केली आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१२ साली ती मनाई उचलून धरली. लोक चिडतात ते भूतदयेवर नव्हे. ‘हे द्यावयाचा तुला अधिकार काय?’ असे ते विचारीत असतात.

तथापि लोकांची चीड म्हणजे वेदवाक्य, असेही नव्हे. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रास सशर्त मुभा मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने सुधारित कायदे मान्य केले. मधल्या वर्षांत आमच्या बाजूस ‘पेटा’ ही एक शिवीच होऊन बसली होती. पण शेपटी पिरगाळणे आणि पराणी टोचणे ह्या गोष्टी जाहिरातदारांनी कल्पिलेल्या नव्हत्या. त्या आम्ही लहानपणी ह्याच वेशीत पाहिल्या आहेत. मग २०२५ च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण, जिला लोक प्रेमाने माधुरी म्हणत, न्यायालयाच्या आज्ञेने जामनगरास गेली. १९९२ पासून ती मठात होती. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारोंनी मूक पदयात्रा काढली. लोकांनी विशिष्ट कंपनीची सिमकार्डे टाकून दिली. त्या अश्रूंत खोटेपणा नव्हता, हे आम्ही निःशंकपणे म्हणतो. परंतु तेहेतीस वर्षे एकट्या, कळपावाचून काढलेल्या त्या जिवाच्या पायांच्या दुखण्यास आमच्या पाहण्यातील मोर्चाच्या वृत्तांतांत फारच थोडी जागा मिळाली. म्हणजे जाहिरातदार जो दोष करितात तोच येथे भक्तांनी केला. दोन्ही पक्षी जनावर चौकटीबाहेरच राहिले. ह्या संस्थेचा एक उपक्रम मात्र आम्हांस रुचला. २०२३ पासून केरळातील काही देवळांना उत्सवाकरिता यांत्रिक हत्ती देण्यात येत आहेत. येथे निदान घेण्याबरोबर काही देणे आहे. यंत्र असले तरी देवापुढे उभे राहावयास काहीतरी आहे.

आणि आता जी गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही ती. न्यूकर्कबाईंच्याच प्रेरणेने २००३ साली सांगलीकडे ‘ॲनिमल राहत’ नावाचे काम सुरू झाले, आणि ते सोलापूर जिल्ह्यातही चालते. त्याचे पशुवैद्य साखर कारखान्यांच्या वाटेवर ऊस ओढणाऱ्या बैलांची खांदेसूज पाहतात, खुरांना औषध लावतात, वीटभट्टीवरील गाढवांच्या पाठीची गळवे धुतात. गाडीवानास ते पापी म्हणत नाहीत. म्हणून भागतही नाही. कारण दोन टनांहून अधिक ऊस लादणारा तो गाडीवान स्वतः मुकादमाच्या उचलीखाली वाकलेला असतो, आणि खेप कमी केली तर फेड लांबते. बैलाच्या आणि त्याच्या मानेवर एकच जू आहे हे त्या पशुवैद्यास कळते, कारण तो दोघांसमोर उकिडवा बसतो. ह्या कामावर कोणी चिडल्याचे आम्ही ऐकले नाही. अर्थात कोणी त्याची वाहवा केल्याचेही ऐकले नाही. पुण्यामुंबईच्या आमच्या मित्रांपैकी एकासही त्याचे नाव ठाऊक नव्हते, आणि पाला नेसलेली नटी मात्र सर्वांस ठाऊक होती. एकाच घराण्यातील ही दोन भावंडे इतकी भिन्न कशी, ह्याचे आम्हांस अजून नवल वाटते. देणग्या मिळतात त्या थोरलीच्या गाजावाजावर आणि धाकटी त्यांवर जगते, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. मग त्या गाजावाजाची किंमत धाकटीने शिव्या खाऊन भरावी लागते, हेही हिशेबात धरावे.

दिवाळीनंतर ऊस सुरू झाला तेव्हा आम्ही पुन्हा मंद्रूपास गेलो. ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपू नये. पारा सदतीस अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जुंपूच नये. तोंडात काटेरी लगाम घालू नये. अण्णांस आम्ही ते वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“सदतीस म्हंजे आमच्याकडं चैतापासनं मिरगापातुर रोजच की,” ते म्हणाले. “आन् मी तर अकरालाच सोडतो बैल. माझ्या वडलांनी तसंच सांगितलेलं. पन हे कागदावर हाय, हे कुनी बोललंच न्हाई आजवर. लिहून द्या मास्तर, मराठीत.”

आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिले. ऊसतोड्यांच्या कोप्यांजवळ चहाची टपरी आहे, तिच्या पत्र्यावर तो कागद लावल्याचे नातवाने मागाहून कळविले. गाडीवानांत वाचता येणारे दोघेच आहेत. ते बाकीच्यांस वाचून दाखवितात की काय, हे त्याने पत्रात लिहिलेले नाही.