न आलेल्या शत्रूची गोष्ट

गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेवरून पुढे चित्रपट काढण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्याविषयी तक्रार करणारा समीक्षक म्हणजे जुन्या दिवसांत रमलेला कोणी गृहस्थ, असे समजून वाचक पान उलटतात. तो धोका पत्करूनही २०१६ साली निघालेल्या ‘डॅड्ज आर्मी’ या इंग्रजी चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. चित्रपट अगदीच टाकाऊ असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. उत्तम नट, नेटके चित्रण आणि मूळ कृतीविषयी निःसंशय आदर, एवढे सारे हाताशी असूनही जो चित्रपट फसतो, तो का फसला हे पाहण्यासारखे असते.

मूळ मालिका बीबीसीने ३१ जुलै १९६८ रोजी सुरू केली आणि ती १९७७ च्या नोव्हेंबरात संपली. जिमी पेरी व डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकद्वयाने तिचे ८० भाग लिहिले. विषय दुसऱ्या महायुद्धातील ‘होम गार्ड’चा. फ्रान्स कोसळण्याच्या बेतात असता, १४ मे १९४० रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून हाक दिली आणि सैन्यात जाण्याचे वय उलटून गेलेले किंवा ते न आलेले पुरुष आपापल्या गावचा किनारा राखण्यासाठी पुढे आले. आरंभी त्यांच्यापाशी पुरत्या बंदुकाही नव्हत्या. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या कल्पित गावातील अशा एका तुकडीची ही कथा. तुकडीचा नायक गावच्या बँकेचा व्यवस्थापक, दुय्यम अधिकारी त्याच बँकेतील मुख्य कारकून. उरलेल्यांत एक खाटीक, एक प्रेतसंस्काराचा धंदा करणारा स्कॉट, एक काळाबाजारवाला, पुन्हापुन्हा लघुशंकेची रजा मागणारा एक पेन्शनर आणि गळ्यात आईने गुंडाळलेला मफलर घालून येणारा एक पोरगा. नायकाचे नाव लिहिताना इंग्रज ‘मेनवेअरिंग’ असे लिहितात आणि उच्चारताना ‘मॅनरिंग’ म्हणतात. आम्ही उच्चाराप्रमाणे चालू.

या मॅनरिंगची भूमिका आर्थर लो याने केली. ठेंगणा, गोल, चष्मेवाला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात रणांगणावर पोचलाच नव्हता, आणि ते शल्य त्याच्या मनात आहे. त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन मात्र उच्च कुळातला, महागड्या शाळेत शिकलेला, देखणा आणि आळशी. हुकूम देतानाही तो जणू पाहुण्यांना चहाचे विचारीत असतो. बँकेत आणि कवायतीच्या मैदानावर मॅनरिंग त्याचा वरिष्ठ. पण समाजाच्या उतरंडीत आपण त्याच्या खालीच आहो ही जाणीव मॅनरिंगला क्षणभरही सोडीत नाही. लो हे दुःख कधी उघडे करीत नाही. तो फक्त चष्मा सावरतो, मान ताठ करतो आणि अधिकच मोठ्याने हुकूम सोडतो.

अशा माणसांना आपण हसतो. परंतु त्यांचा उपहास करीत नाही. याचे कारण असे की, शत्रू खरोखरच आला असता तर ही माणसे जागची हलली नसती, आणि तासाभरात सगळी मेली असती. त्यांना ते ठाऊक आहे आणि आपल्यालाही. १९४० च्या उन्हाळ्यात शत्रूचे येणे ही कल्पना नव्हती. समुद्रापलीकडे तो येऊन ठेपला होता. तरी तो आला नाही. त्या न येण्यात मालिकेचा सगळा विनोद राहतो. उद्याच्या मरणासाठी सिद्ध झालेली माणसे आज काय करीत असतात? कवायतीच्या दालनाच्या किल्लीवरून भांडतात, हुद्द्यावरून रुसतात, सॉसेजची वाटणी करतात. मरणाची छाया आणि सॉसेजची वाटणी ही दोन्ही एकाच चौकटीत बसविणे हे या लेखकांचे खरे कसब.

त्या पेन्शनराचेच, म्हणजे गॉडफ्रेचे, उदाहरण घ्या. १९६९ मधील एका भागात तो सांगून टाकतो की, मागल्या युद्धात आपण शस्त्र धरण्यास नकार दिला होता. सारी तुकडी त्याला वाळीत टाकते. पुढे त्याच्या खोलीतील एका छायाचित्रावरून उलगडा होतो की, सॉमच्या रणात जखमींना उचलून आणण्याचे काम करून त्याने शौर्यपदक मिळविले होते. ही भूमिका करणारा आर्नल्ड रिडली स्वतः सॉमच्या रणात जबर जखमी झाला होता. खाटकाची भूमिका करणारा क्लाइव्ह डन दुसऱ्या युद्धात ग्रीसमध्ये जर्मनांच्या हाती सापडून कैदेत राहिला होता. खुद्द पेरी कोवळ्या वयात होम गार्डमध्ये होता. यांपैकी कोणालाही युद्ध म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, आणि म्हणूनच युद्धाला हसताना त्यांचा हात कोठे जड झाला नाही.

ही मालिका आम्ही खोताच्या वाडीत, एका वृद्ध ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी पाहिली. त्यांच्या नातवाने विलायतेहून तबकड्या आणल्या होत्या. लाकडी जिन्याचे, पुढे व्हरांडा असलेले त्यांचे घर वाडीतील उरल्यासुरल्या जुन्या घरांपैकी एक. १९४४ साली ते सातआठ वर्षांचे होते. खिडक्यांच्या काचांना चिकटविलेले काळे कागद, आणि गल्लीतून ‘दिवा झाका’ म्हणून ओरडत जाणारा हवाई हल्ल्याचा वॉर्डन त्यांना आठवतो. त्या वर्षी १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली, तेव्हा घरातले सगळे जपानी आले असे समजून जिन्याखाली दडले होते. जपानी आले नव्हते. कोणीच आले नव्हते. मालिकेतील फळविक्या वॉर्डन हॉजेस दिवा दिसताच किंचाळू लागे, तेव्हा आमचे शेजारी डोळ्यांत पाणी येईतो हसत. आम्हांस ही मालिका परकी वाटली नाही याचे निम्मे श्रेय त्यांच्या हसण्याला आहे.

पुढे त्यांच्याच घरी नवा चित्रपट पाहिला. दिग्दर्शक ऑलिव्हर पार्कर, पटकथा हॅमिश मॅकॉल यांची. कथा १९४४ मध्ये ठेविली आहे. गावात जर्मनांचा हेर असल्याचा सुगावा लागतो. त्याच सुमारास रोझ विंटर्स नावाची एक रूपवती पत्रकार तुकडीवर लेख लिहिण्यासाठी येते आणि मॅनरिंगपासून थेट खाटकापर्यंत सर्वांना भुरळ घालते. हेर कोण, हे प्रेक्षकाला लवकरच कळते. मॅनरिंगला मात्र उशिरा कळते. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर जर्मन उतरतात, चकमक होते आणि आमचे म्हातारे जिंकतात.

ती चकमक चालू असता शेजाऱ्यांनी आमच्याकडे वळून विचारले, “प्रोफेसर, हे जर्मन कशाला आले?”

आमच्या मते या चित्रपटावरील सर्वांत नेमकी टीका हीच. अर्धा तासाच्या भागात काहीच घडले नाही तरी चालते; पुढच्या आठवड्यात पुन्हा काही घडणार नसते. पण दीड तासाहून अधिक लांबीच्या चित्रपटाला शेवट लागतो, शेवटाला विजय लागतो आणि विजयाला शत्रू लागतो. १९७१ मध्ये याच मालिकेवर मूळ नटांना घेऊन जो चित्रपट निघाला, त्यातही जर्मन वैमानिक गावात उतरवून चर्चच्या दालनात ओलीस धरण्याचा प्रसंग घालावा लागला होता. मालिकेतही जर्मन येत नाहीत असे नाही. १९७३ मधील एका भागात पाणबुडीचे कैदी तुकडीच्या हवाली होतात. त्यांचा कप्तान काळ्या यादीसाठी पोरग्याचे नाव विचारतो, आणि ‘सांगू नकोस’ असे बजावताना मॅनरिंग स्वतःच ते उच्चारून बसतो. परंतु ते जर्मन येतात ते मॅनरिंगची फजिती करण्यासाठी. चित्रपटातले येतात ते त्याचे शौर्य सिद्ध करण्यासाठी. जे आपण वर्षानुवर्षे न दाखविता मानीत आलो, ते एकदा दाखवून सिद्ध केले की मानण्याजोगे काही उरत नाही.

त्यात १९४४ हे साल निवडले ही दुसरी चूक. तोवर इंग्लंडवरील स्वारीचे भय सरले होते. उलट दोस्तांचेच सैन्य पलीकडे उतरावयास निघाले होते, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला होम गार्डला निरोपही देण्यात आला. १९४० मधील भीती कथेबाहेर राहिली, म्हणून हेराची भीती मुद्दाम आत आणावी लागली. ती उसनी भीती आहे. तिच्यावर उभा केलेला विनोदही उसना वाटतो.

मॅनरिंगच्या पत्नीचीही तीच गत झाली आहे. मालिकेत ही बाई नऊ वर्षांत एकदाही नीट दृष्टीस पडत नाही. तिचा दूरध्वनी येतो, तिच्या भीतीने नवरा वेळेवर घरी जातो; एकदा वरच्या बाकावर झोपलेल्या तिच्या देहाच्या भाराने वाकलेले कापड तेवढे दिसते. प्रत्येक प्रेक्षकाने आपापल्या ओळखीतील एखादी मूर्ती तिच्या जागी बसविली होती. नव्या चित्रपटात ती साक्षात अवतरते, गणवेशातील स्त्रियांचे नेतृत्व करते आणि संकटसमयी पतीच्या साहाय्यास धावते. फेलिसिटी माँटॅग्यू हिने काम चोख केले आहे, आणि युद्धातील स्त्रियांच्या कार्याची आठवण ठेवण्याचा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. पण तिचा चेहरा दिसताच शेजाऱ्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “ही नव्हे!” कोणतीही आली असती तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.

नटांविषयी लिहिताना आम्हांस थोडे जपावे लागते, कारण ही मंडळी कमी योग्यतेची नाहीत. मायकेल गँबन यांचा गॉडफ्रे आणि टॉम कोर्टनी यांचा खाटीक जोन्स पाहताना मूळ नटांचा काही काळ विसर पडतो. बिल नाय यांचा विल्सन डौलदार आहे. टोबी जोन्स मात्र मॅनरिंगची व्यथा पहिल्याच दृश्यापासून चेहऱ्यावर घेऊन वावरतात. आर्थर लो जे झाकीत असे ते हे दाखवितात, आणि पाहणाऱ्याला हसू येण्याऐवजी कीव येते. पण दोष एकट्या नटाचा नव्हे. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची गोष्ट आठवा. १९४० मध्ये मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर झाले. दोघांच्या चेहऱ्यांत काडीचे साम्य नाही, तरी महाराष्ट्राने दोघांनाही चिमणराव मानले. गणपतराव जोशी यांच्यानंतरही हॅम्लेट करण्याची इतरांना चोरी झाली नाही. कारण चिमणराव आणि हॅम्लेट प्रथम शब्दांत जन्मले. चेहरा त्यांना नंतर मिळाला, आणि पुन्हा निराळा मिळू शकतो. मॅनरिंग जन्मला तोच आर्थर लोचा चेहरा घेऊन. दूरचित्रवाणीचे पात्र वारशाने देता येत नाही ते यामुळे.

पेरी याचा आमच्या प्रांताशी एक जुना संबंध आहे, आणि तो या विषयाच्या मुळाशीच जातो. युद्धकाळात तो तोफखान्यात होता आणि नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या करमणूक-मंडळीत काम करीत असे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई या छावणीत महिनोन्महिने पडून असत, आणि त्या रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरलेल्या मनुष्यासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला, तो या देवळालीचाच अपभ्रंश. देवळालीतल्या वाट पाहण्यावर पेरी व क्रॉफ्ट यांनी १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही दुसरी लष्करी मालिका लिहिली. वाट पाहणारी माणसे तीच, लेखक तेच. तरी ही मालिका पाहताना आम्हांस तसे मोकळेपणी हसू येत नाही. तीत रंगी राम नावाचा बेअरर आहे. तो स्वतःला इंग्रजांतच मोजतो आणि देशबांधवांना तुच्छ लेखतो. ही भूमिका तोंडाला तपकिरी रंग फासून मायकेल बेट्स या इंग्रज नटाने केली. बेट्स झाशीत जन्मलेला, ब्रह्मदेशाच्या रणात गुरख्यांबरोबर लढलेला; त्याच्या हिंदुस्तानीला नावे ठेवता येणार नाहीत, आणि रंगी राम हा मालिकेतील सर्वांत चतुर मनुष्य आहे हेही खरे. तथापि मॅनरिंगला हसताना इंग्रज आपल्या बापाला हसत होता. रंगी रामाला हसताना तो दुसऱ्याच्या बापाला हसत होता. पुढील काळात बीबीसीने ही मालिका पुन्हा दाखविण्याचे टाळले. त्या निर्णयाचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. पण दुःखही पुरते झाकता येत नाही, कारण आमच्या देवळालीचे ते दिवस विनोदाने टिपून ठेवणारा दुसरा कोणी निघाला नाही.

आणि याचा दोष आम्ही इंग्रजांना का द्यावा? होम गार्ड हे नाव आपल्याकडेही आहे. हिंदुस्थानातील पहिले होमगार्ड दल ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई इलाख्यातच उभे राहिले, आणि ते मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने, दंग्यांच्या काळात पोलिसांना हात देण्यासाठी. आजही अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर त्यांचे खाकी गणवेश दिसतात. इतर दिवशी कोठे कारकुनी किंवा दुकानदारी करणारी ही माणसे त्या रात्री हातात दोर धरून लाखोंची लाट अडवू पाहतात. त्यांतील एखाद्याची शिटी पोलिसाच्या शिटीपेक्षा मोठी वाजते, एखादा ओळखीच्या माणसाला आपण ओळखतच नाही असे भासवितो. मॅनरिंग तेथे उभा आहे, विल्सनही आहे. आमच्या लेखकांची दृष्टी मात्र सैनिक म्हटला की थेट रायगडावर जाते. चौपाटीवरच्या या माणसाला हसावे, आणि हसता हसता त्याचा मान राखावा, असे त्यांना सुचत नाही.

चित्रपट संपल्यावर शेजाऱ्यांनी जुन्या मालिकेचा अखेरचा भाग लावावयास सांगितला. म्हाताऱ्या जोन्सचे लग्न लागलेले आहे. हॉजेस येऊन हिणवतो की, खऱ्या सैन्यापुढे तुम्ही पळभरही टिकला नसता. मंडळी गप्प होतात. मग मॅनरिंग काही बोलतो, विल्सन एकदाचा त्याच्याशी सहमत होतो, आणि सगळे पेले उचलून, पडद्याबाहेर आमच्याकडे तोंड करून, होम गार्डच्या नावाने पितात. जर्मन कोठेच नाहीत. शेजाऱ्यांनी टेबलावरचा थंड झालेला चहाचा कप उचलला आणि तसाच थोडा वेळ हातात धरून ठेविला.